काय उरते, याचा हिशोब

ऊस पिकणाऱ्या मुलखात ‘उतारा’ या शब्दाचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. गाळलेल्या उसाच्या वजनापैकी शेकडा किती साखर पोत्यात आली याचे ते प्रमाण असून, केंद्र सरकार दर हंगामाला उसाची जी रास्त आणि किफायतशीर किंमत, म्हणजे एफआरपी, ठरवते ती याच प्रमाणाला बांधलेली असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये असा दर ठरला आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैशांची वाढ जाहीर झाली. म्हणजे ज्या कारखान्याचा उतारा या पायरीपेक्षा अर्ध्या टक्क्याने अधिक, तिथे ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचा दर टनामागे १७३ रुपयांनी वाढतो. शिरूर आणि दौंड या, पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील आणि भीमेच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या तालुक्यांत उतारा हा पारावरच्या गप्पांचा विषय आहे, तो यामुळेच.

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मात्र या उताऱ्याची दुसरी बाजूही रोज लिहिली जाते आणि तिची चर्चा पारावर फारशी होत नाही. उसात असलेली सगळी साखर पोत्यात येत नाही. काही बगॅसबरोबर, म्हणजे उसाच्या चिपाडाबरोबर, जाते, काही रस गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्यात, म्हणजे प्रेसमडमध्ये जाते, सर्वांत मोठा वाटा मळीत अडकून राहतो, आणि या तिन्हींची बेरीज करूनही जी तफावत उरते तिला ‘अज्ञात घट’ असे नाव देऊन वेगळ्या रकान्यात मांडले जाते. एखादी गळकी नळी, रस तापत ठेवण्यात गेलेला जादा वेळ आणि त्यामुळे झालेले साखरेचे विघटन, काट्यातली किंवा पृथक्करणातली चूक, यांपैकी काहीही त्या रकान्यात दडलेले असू शकते. कारखाना कसा चालला आहे हे जाणत्या रसायनतज्ज्ञाला उताऱ्याच्या आकड्यापेक्षा या रकान्यातून लवकर कळते.

व्यवस्थापनशास्त्रात ‘प्रक्रिया-सुधारणा’ या नावाने जो विषय गेल्या शतकभरात उभा राहिला, तो मुळात याच रकान्याचा अभ्यास आहे. आत गेलेला माल, वेळ, श्रम आणि इंधन यांपैकी गिऱ्हाईक ज्याचे पैसे देईल असे किती बाहेर आले, आणि जे आले नाही ते नेमके कुठे गेले, हे मोजून त्या वाटा एकेक करून बंद करणे म्हणजे प्रक्रिया सुधारणे. ‘उत्पादन-विकास’ ही त्याची जोडशाखा असून नवी वस्तू घडवणे किंवा जुनी वस्तू अधिक चांगली करणे हे तिचे काम मानले जाते. पुस्तकांत ही दोन प्रकरणे वेगवेगळी असतात आणि मोठ्या कंपन्यांत ती दोन खातीही असतात, परंतु प्रत्यक्षात ज्या कारखान्यांनी ती एकत्र धरली त्यांना मिळालेले यश अधिक टिकाऊ ठरले, आणि या दोन तालुक्यांतील रांजणगाव, कुरकुंभ आणि भीमाकाठची गुऱ्हाळे ही तीन ठिकाणे त्या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत.

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर, अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान असलेल्या रांजणगावच्या परिसरात जी औद्योगिक वसाहत आहे तिच्यात मोटारी, शीतकपाटे, धुलाईयंत्रे आणि त्यांचे सुटे भाग तयार होतात. येथील फियाट इंडियाचा कारखाना २००७ पासून फियाट आणि टाटा मोटर्स यांच्या समान भागीदारीत चालत आला असून एकाच आवारात दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मोटारी तिथे घडतात. टाटांची नेक्सॉन तिथे तयार होते, आणि २०१७ पासून उजव्या बाजूला सुकाणू असलेली जीप कंपास तिथून परदेशीही गेली आहे. फियाट समूहाने २००५-०६ च्या सुमारास क्योतो विद्यापीठाचे प्राध्यापक हाजिमे यामाशिना यांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या कारखान्यांसाठी ‘वर्ल्ड क्लास मॅन्युफॅक्चरिंग’ ही पद्धत स्वीकारली. तिचे दहा तांत्रिक आणि दहा व्यवस्थापकीय असे वीस ‘खांब’ मानलेले आहेत आणि प्रत्येक खांबाला शून्य ते पाच गुण देऊन शंभरांपैकी कारखान्याची प्रत ठरवली जाते. गुण आणि पदके यांच्या या उतरंडीत शाळेच्या तपासणीचा वास येतो हे खरे, पण तांत्रिक खांबांपैकी दुसरा खांब लक्ष देण्याजोगा आहे.

त्याला ‘कॉस्ट डिप्लॉयमेंट’ म्हणतात, आणि साध्या मराठीत त्याचा अर्थ तोट्याचे खातेवाटप असा करता येईल. यंत्र बंद पडले, सुटा भाग उशिरा आला, वेल्डिंग पुन्हा करावे लागले, कामगाराला पाना आणण्यासाठी दहा पावले चालावे लागले, अशा प्रत्येक नासाडीची आधी नोंद होते, मग ती नासाडी स्वतःच एखाद्या मूळ कारणाची परिणती आहे काय हे तपासले जाते, आणि शेवटी तिचे रुपयांत रूपांतर करून ती रक्कम त्या मूळ कारणाच्या नावे टाकली जाते. रंगकामाच्या विभागात मोटारी थांबून राहिल्या तर तो तोटा रंगकामाचा दिसतो, परंतु त्या थांबण्याचे कारण आधीच्या विभागातील वाकडा पत्रा असेल तर रक्कम तिकडे जाते. सुधारणा कोठून सुरू करायची याचा निर्णय त्यामुळे सर्वांत मोठ्या आवाजात तक्रार करणाऱ्या विभागाच्या हाती राहत नाही. साखर कारखान्यातील ‘अज्ञात घट’ फोडून तिचे भाग नावानिशी मांडावेत, तसाच हा प्रकार आहे.

या सगळ्यामागे टोयोटा कंपनीचे अभियंते ताइइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत घडवलेली विचारपद्धती आहे. गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, मालाची अनावश्यक ने-आण, गरज नसलेली प्रक्रिया, साठा, हातापायांची व्यर्थ हालचाल आणि सदोष माल असे नासाडीचे सात प्रकार ओनो यांनी सांगितले आणि त्या सर्वांसाठी ‘मुदा’ हा जपानी शब्द रूढ केला. त्यांतील जास्त उत्पादन हा प्रकार त्यांनी सर्वांत वाईट मानला, कारण तो बाकीच्या सहांना पोसतो आणि वरून मात्र कामसूपणासारखा दिसतो. त्यावरचा उपाय म्हणजे गिऱ्हाइकाच्या मागणीच्या लयीने माल काढणे. पाळीत प्रत्यक्ष कामाची ४५० मिनिटे असतील आणि मागणी २२५ मोटारींची असेल, तर दर दोन मिनिटांना एक मोटार पुढे सरकली पाहिजे आणि साखळीवरील प्रत्येक ठिकाणचे काम त्या दोन मिनिटांत बसले पाहिजे. या मापाला ‘टॅक्ट’ म्हणतात, आणि हा शब्द जर्मन संगीतातून आला असून त्याचा मूळ अर्थ ताल असा आहे. तबल्याच्या ठेक्यात एक मात्रा लांबली की समेवर येताना गोंधळ होतो, तसे एका ठिकाणचे काम लांबले की पुढचा माणूस रिकामा बसतो आणि मागे अर्धवट मालाचा ढीग साचतो.

मोजमापाचे शास्त्र यापेक्षा जुने आहे. अमेरिकेतील बेल टेलिफोनच्या व्यवसायात काम करणाऱ्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेख मांडला. कोणतीही प्रक्रिया थोडीफार हलतेच. त्या नेहमीच्या हलण्याची एक मर्यादा आकड्यांवरून काढता येते, आणि त्या मर्यादेबाहेर गेलेला बिंदू तेवढा काही विशेष कारण सांगत असतो, असे त्याचे सार आहे. नेहमीच्या चढउतारालाच विशेष कारण समजून यंत्राची मापे सारखी बदलत राहिल्यास माल सुधारण्याऐवजी बिघडतो, ही त्यातून निघालेली शिकवण अनेक कारखान्यांत आजही पचलेली नाही. मोटोरोलाने १९८६ च्या सुमारास याच परंपरेतून ‘सिक्स सिग्मा’ काढले आणि दहा लाख संधींमागे ३.४ चुका हे ध्येय ठेवले. पुढे त्याभोवती हिरव्या-काळ्या पट्ट्यांच्या पदव्यांची एक स्वतंत्र बाजारपेठच वसली, तिच्याविषयी येथे अधिक लिहिण्याची गरज नाही.

प्रक्रिया आणि वस्तू यांचा सांधा रांजणगावात शीतकपाटाच्या कारखान्यांत जास्त स्पष्ट दिसतो. एलजी, व्हर्लपूल आणि हायर या तिन्ही कंपन्या तिथे शीतकपाटे बनवतात. कपाटाचा आतला प्लॅस्टिकचा साचा आणि बाहेरचा पत्रा यांच्यामधील पोकळीत द्रवरूप रसायने सोडली जातात, ती क्षणार्धात फुगून पॉलियुरेथेनचा फेस बनतात आणि घट्ट होतात. हा फेसच गारवा आत धरून ठेवतो. फेस एखाद्या कोपऱ्यात पोहोचला नाही तर तिथून उष्णता आत शिरते, काँप्रेसर जास्त वेळ चालतो, आणि हा दोष नंतर दुरुस्त करता येत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ मध्ये ताऱ्यांची खूण सुरू केली आणि २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री शीतकपाटांवर ती सक्तीची झाली, तेव्हा पोकळीतला हा न दिसणारा कोपरा थेट दुकानातल्या ताऱ्यांशी जोडला गेला. पोकळी किती रुंद ठेवायची, वळणे किती अरुंद घ्यायची, हे चित्रफलकावर ठरते; फेस कोपऱ्यापर्यंत जाईल की नाही हे कारखान्यात कळते. गिऱ्हाइकाच्या अपेक्षा एका बाजूला आणि वस्तूची मोजता येणारी तांत्रिक वैशिष्ट्ये दुसऱ्या बाजूला लिहून त्यांचा परस्परसंबंध कोष्टकात मांडण्याची जी पद्धत जपानच्या योजी आकाओ यांनी विकसित केली आणि जिला पुढे ‘गुणवत्तेचे घर’ असे नाव पडले, तिचा हेतू चित्रफलकावरचे आणि कारखान्यातले लोक एका कागदावर आणणे हाच आहे.

मोटारीच्या किंवा शीतकपाटाच्या कारखान्यात तरीही वस्तूचा आराखडा बहुधा दुसरीकडून, कधी दुसऱ्या देशातून येतो, आणि स्थानिक कर्तबगारी तो कमी नासाडीत उभा करण्यात असते. दौंड तालुक्यात, पुणे–सोलापूर रस्त्यावरच्या कुरकुंभ येथे, फिरंगाई देवीच्या गावालगत असलेल्या रासायनिक वसाहतीतील एका कंपनीचे उदाहरण याहून वेगळे आहे, कारण तिथे प्रक्रियाच नव्याने शोधली गेली आणि वस्तू तिच्या मागून आल्या.

अशोक बूब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचे नाव पुढे क्लीन सायन्स अँड टेक्नॉलॉजी असे झाले. एमईएचक्यू, म्हणजे हायड्रोक्विनोनचा मोनोमिथाइल ईथर, हे तिचे एक प्रमुख उत्पादन होय. रंग, चिकटद्रव्ये आणि लहान मुलांच्या डायपरमधील पाणी शोषणारी भुकटी ज्यापासून बनते ते ॲक्रिलिक आम्ल साठवणीत आपोआप जोडले जाऊन घट्ट होऊ लागते आणि त्यात धोकादायक उष्णता बाहेर पडते. ते रोखण्यासाठी टनामागे साधारण २०० ग्रॅम एमईएचक्यू त्यात घातले जाते. प्रमाण इतके थोडे, पण त्यावाचून ते आम्ल टँकरमधून सुखरूप नेता येत नाही.

हे रसायन बनवण्याची जुनी वाट हायड्रोक्विनोनवरून जाते. हायड्रोक्विनोन मिळवण्याच्या पारंपरिक रीतीत ॲनिलीन या द्रव्यावर मँगनीज डायऑक्साइड आणि गंधकाम्ल यांची क्रिया करून आधी क्विनोन बनवतात. या क्रियेचे समीकरण कागदावर मांडले तर २१६ किलो क्विनोनबरोबर मँगनीज सल्फेट आणि अमोनियम सल्फेट मिळून ७३६ किलो क्षार तयार होतात. म्हणजे एक किलो माल आणि जवळपास साडेतीन किलो क्षार, तेही काहीही वाया गेले नाही असे धरून. पुढे क्विनोनचे हायड्रोक्विनोन आणि त्याचे एमईएचक्यू करताना आणखी द्रव्ये लागतात आणि आणखी काही उरते. अशा कारखान्यात कामगार कितीही दक्ष असले, यंत्रे कितीही वेळेवर चालली, तरी हे साडेतीन किलो कमी होत नाहीत, कारण ते हलगर्जीपणातून आलेले नसून समीकरणातच लिहिलेले आहेत. ओनो यांच्या सात प्रकारांत या नासाडीला जागा नाही.

तिच्यासाठी रसायनशास्त्राने स्वतःची मापे शोधली. आत गेलेल्या अणूंपैकी किती अणू हव्या असलेल्या पदार्थात शिल्लक राहतात, या प्रमाणाला बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये ‘अणू-काटकसर’ या अर्थाचे नाव दिले. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये एक किलो मालामागे किती किलो टाकाऊ निघते हे ‘ई-फॅक्टर’ या मापाने मोजले, आणि तेलशुद्धीकरणात हा आकडा ०.१ च्याही खाली, मोठ्या प्रमाणावरील रसायनांत १ ते ५, विशेष रसायनांत ५ ते ५० आणि औषधांत २५ पासून १०० च्या वर असल्याचे दाखवून दिले. ज्या धंद्यात मालाला भाव जास्त, त्याच धंद्यात उकिरडा मोठा, असे हे चित्र होते. १९९८ मध्ये पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली, तेव्हा घाण निस्तरण्यापेक्षा ती निर्माणच होऊ न देणे हे त्यांतले पहिले तत्त्व होते.

कुरकुंभच्या कारखान्याने धरलेली वाट फिनॉल आणि मिथेनॉल यांपासून निघते. या दोघांच्या संयोगातून ॲनिसोल तयार होते आणि सोबत पाणी निघते. मग ॲनिसोलवर हायड्रोजन पेरॉक्साइडची, म्हणजे जखम धुण्यासाठी औषधाच्या दुकानात पातळ स्वरूपात मिळणाऱ्या द्रावणाच्याच अधिक तीव्र रूपाची, उत्प्रेरकाच्या सान्निध्यात क्रिया होते; उत्प्रेरक म्हणजे स्वतः न संपता क्रियेला चालना देणारा पदार्थ. समीकरणानुसार १०८ किलो ॲनिसोल आणि ३४ किलो पेरॉक्साइड यांपासून १२४ किलो उत्पादन आणि १८ किलो पाणी मिळते, म्हणजे सुमारे ८७ टक्के वस्तुमान मालात राहते आणि उरते ते पाणी. पेरॉक्साइड वापरून फिनॉलच्या वर्गातील द्रव्यांवर अशी क्रिया करण्याची कल्पना जगाला नवी नव्हती. इटलीतील एनीकेम कंपनीने टायटॅनियमयुक्त सिलिकाचा उत्प्रेरक वापरून १९८६ मध्ये फिनॉलसाठी तसा कारखाना सुरू केला होता. ॲनिसोलच्या वाटेने एमईएचक्यू व्यापारी प्रमाणावर काढणे मात्र वेगळे आव्हान होते, आणि आपल्या काही प्रमुख उत्पादनांच्या प्रक्रिया जगात प्रथमच अशा रीतीने विकसित झाल्याचे कंपनीने समभागविक्रीच्या वेळी नमूद केले आहे.

या प्रक्रियेत एक अडचण होती आणि तिच्याशी कंपनीने केलेला व्यवहार हा या उदाहरणाचा सर्वांत बोधक भाग आहे. ॲनिसोलच्या कड्यावर नवा गट दोन जागी बसू शकतो. समोरच्या जागी बसला तर एमईएचक्यू आणि शेजारच्या जागी बसला तर ग्वायाकॉल तयार होते. म्हणजे एका वस्तूच्या मागे लागले की दुसरी आपोआप गळ्यात पडते. ती टाकून दिली असती तर प्रक्रियेचा सगळा फायदा तिथेच संपला असता. परंतु ग्वायाकॉलपासून व्हॅनिलाचा स्वाद देणारे व्हॅनिलिन आणि खोकल्याच्या औषधातील ग्वायफेनेसिन बनते, त्यामुळे उरलेली वस्तू ही दुसरी विक्रीची वस्तू झाली. एमईएचक्यूपासून पुढे बीएचए हे तेला-तुपाला खवटपणा येऊ न देणारे द्रव्य बनवले गेले. ॲनिसोलपासूनच फोर-मॅप हे उन्हापासून त्वचेचे रक्षण करणाऱ्या मलमांतील घटकाचे पूर्वद्रव्य काढले गेले, आणि त्यात सोबत निघणारे ॲसेटिक आम्लही विकण्याजोगे असते, तर जुन्या रीतीत याच क्रियेसाठी ॲल्युमिनियम क्लोराइड भरपूर लागून त्याचा गाळ उरत असे. वरच्या साखळीकडे पाहिले तर नवी वस्तू कोणती काढायची या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी हाताशी काय उरले आहे यावरून मिळालेले दिसते.

या मांडणीचा आर्थिक परिणाम २०२१ मध्ये सर्वांसमोर आला. त्या वर्षी जुलैत कंपनीने १,५४६ कोटी रुपयांहून अधिकची समभागविक्री केली, तेव्हा २०२०-२१ या वर्षाचे तिचे उत्पन्न सुमारे ५१२ कोटी आणि करोत्तर नफा सुमारे १९८ कोटी रुपये होता. शंभर रुपयांच्या विक्रीमागे ३९ रुपयांच्या आसपास नफा, हे प्रमाण रसायन-उद्योगात क्वचित दिसते. ती विक्री पूर्णपणे जुन्या भागधारकांच्या समभागांची होती, म्हणजे कंपनीने स्वतःसाठी नवे भांडवल मागितले नाही. अर्थात प्रक्रियेतली आघाडी हा कायमचा पट्टा नसतो. भाव चांगला दिसला की स्पर्धक येतात, विशेषतः चीनमधून, आणि नफ्याचे प्रमाण खाली येते. प्लॅस्टिकचे उन्हापासून रक्षण करणाऱ्या, हाल्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रव्यांकडे कंपनी अलीकडच्या वर्षांत वळली, याकडे त्या संदर्भात पाहिले पाहिजे.

रासायनिक उद्योगाच्या बाबतीत हिशोबाची सीमा कुठे आखायची, हाही प्रश्न उरतो. कुरकुंभच्या वसाहतीत सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, आणि तरीही उग्र वास आणि दूषित पाणी यांबद्दल परिसरातील गावांनी वर्षानुवर्षे तक्रारी केलेल्या आहेत; या तक्रारी एखाद्या कारखान्याच्या नव्हेत, वसाहतीच्या आहेत. कारखान्याच्या फाटकापर्यंतच मोजले तर सांडपाणी हा केवळ शुल्क भरून संपणारा खर्च ठरतो. विहिरीपर्यंत मोजले तर तीच गोष्ट प्रक्रियेतला दोष ठरते. समीकरणातच क्षार न उरू देण्याचे महत्त्व या दुसऱ्या मोजणीत कळते, कारण जे निर्माण झालेच नाही ते कोणत्याही केंद्रात पाठवावे लागत नाही.

ग्वायाकॉलचा वास लाकूड जळताना येणाऱ्या धुरासारखा असतो, किंबहुना वनस्पतींतील लिग्निन जळताना ते स्वतःच धुरात उतरते. कुरकुंभहून पुण्याच्या दिशेने येताना केडगाव, यवत आणि आत राहू-पिंपळगावच्या पट्ट्यात हिवाळ्याच्या दिवसांत असा धूर जागोजागी दिसतो, तो गुऱ्हाळांचा. येथे ना यामाशिना पोहोचले ना शेल्डन, तरी हिशोब तोच लागू पडतो.

चरकात एक टन ऊस घातला आणि त्यातून ६०० किलो रस निघाला, आणि त्या रसात १८ टक्के विद्राव्य घटक आहेत असे धरले, तर साधारण ११० किलो गूळ होण्यासाठी ४९० लिटरच्या आसपास पाणी उकळून उडवावे लागते. त्यासाठी लागणारी उष्णता आणि त्याच टनभर उसाचे चिपाड वाळवून जाळल्यावर मिळणारी उष्णता यांचा ढोबळ मेळ घातला तर असे दिसते की चुलवाणाने जळणातील उष्णतेपैकी एक तृतीयांशाहून थोडी अधिक रसाला पोहोचवली तरी उसाचे चिपाड त्याच उसाच्या रसाला पुरते. त्यापेक्षा जास्त पोहोचली तर चिपाड शिल्लक राहते आणि विकता येते. कमी पोहोचली तर बाहेरून जळण आणावे लागते, आणि टायर-प्लॅस्टिकसारख्या जळणाबद्दलच्या तक्रारी तिथून सुरू होतात. एकाच कढईच्या उघड्या चुलवाणात तापलेला वायू थेट धुराड्याने निघून जातो. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने तयार केलेल्या तीन कढयांच्या भट्टीत तोच वायू मागच्या कढयांखालून नेला जातो आणि पुढच्या खेपेचा रस आधीच तापून तयार राहतो. चिपाड किती ओले असताना चुलवाणात टाकले हेही तितकेच महत्त्वाचे असते, कारण ओल्या चिपाडाची बरीच उष्णता त्याच्याच पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. आवारात ते एक दिवस जास्त पसरवून वाळवायला नवे यंत्र लागत नाही, मोकळी जागा लागते.

गुऱ्हाळातील सारे कौशल्य मात्र गुळव्याच्या हातात असते. भेंडीच्या चिकट रसाने मळी वर आणून काढणे, चुन्याचे पाणी किती घालायचे ते ओळखणे, आणि पाक झाला की नाही हे थंड पाण्यात थेंब टाकून त्याची गोळी बोटांत वळवून पाहणे, ही त्याची कामे. (साखर कारखान्यात मळी म्हणजे साखर काढल्यावर उरणारा काळा पाक आणि गुऱ्हाळात मळी म्हणजे रसावरचा फेसाळ गाळ, उरलेल्या दोन अगदी वेगळ्या वस्तूंना भाषेने एकच नाव देऊन ठेवले आहे.) गुळव्याची ही परीक्षा चुकीची नाही, पण ती त्याच्याबरोबर येते आणि त्याच्याबरोबर जाते, आणि हंगामागणिक कामगार बदलणाऱ्या, भाड्याने चालवायला दिलेल्या गुऱ्हाळात दोन खेपांचा रंग आणि कणी सारखी येत नाही. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राने अशा कामाला मापांची जोड देण्याचा प्रयत्न दीर्घकाळ केला आहे. काकवीसाठी पाक साधारण १०५ अंश सेल्सियसला उतरवतात, ढेपेच्या गुळासाठी ११६ ते ११८ अंशांना आणि गुळाच्या पावडरीसाठी १२० च्या थोडे पुढे गेल्यावर. म्हणजे एकाच कढईतून तीन वस्तू निघतात आणि त्यांच्यात फरक असतो तो काही अंशांचा आणि त्यानंतरच्या घोटण्याचा. साध्या उष्णतामापकाने हा फरक वहीत लिहून ठेवता येतो, आणि वहीत लिहिलेला अंश नव्या गुळव्यालाही वाचता येतो.

ढेपेचा भाव बाजार-समितीत त्या दिवशीच्या आवकेवर ठरतो, तर पावडर किंवा छोट्या वड्या खोक्यात भरून स्वतःच्या नावाने विकता येतात आणि शहरातील गिऱ्हाईक चहात ढेप फोडून घालण्याऐवजी चमचाभर पावडर घालणे पसंत करते. या दिशेने जाऊ पाहणाऱ्या गुऱ्हाळाला पहिला अडसर कढईपाशी येत नाही. तोडून पडलेल्या उसातील साखरेचे हळूहळू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत विघटन होते, अशा रसाचा गूळ मऊ आणि चिकट राहतो आणि ओल धरतो. ढेप झाकून नेता येते, पण त्याची कोरडी, मोकळी पावडर होतच नाही आणि झालीच तर खोक्यात पुन्हा गोळा होते. दोन दिवस बांधावर पडून राहिलेला ऊस ढेपेला चालून जातो, पावडरीला चालत नाही. त्यामुळे पावडर करायची ठरली की कोणत्या शेतात कोयता कधी लावायचा आणि गाडी चरकापाशी किती वाजता यायची, हे आदल्या संध्याकाळी ठरवावे लागते.